तुझ्या भावाचा फंड आणि माझं पलायन

अगं,

आजपासून या घरात अर्थक्रांती झाली आहे! क्रांतिकारक मात्र वाचनालयात लपलाय, कारण पाच वाजता तुझा भाऊ चेक न्यायला येतोय.

तो विकतो त्या फंडात वर्षाला दोन टक्के खर्च कापतात. शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे निमूट चालणाऱ्या इंडेक्स फंडात जेमतेम त्याचा दहावा हिस्सा. वीस वर्षांत आपल्या म्हातारपणाच्या पुंजीचा केवढा लचका जाईल! हेच मी सांगत असताना तू दुपारी भरल्या ताटावरून उठलीस, म्हणून लिहून ठेवतोय.

त्याला तोंडावर नाही म्हणणं मला जमत नाही. माझ्या विनोदांना हसणारा तो एकटाच उरलाय. तूच सांग.

इंडेक्स फंडाचा फॉर्म साखरेच्या डब्याखाली आहे. माझी सही झालीय, तुझी राहिलीय.

नाहीच केलीस, तर फॉर्मजवळचं पेन तेवढं शेजारच्या डॉक्टरांना परत दे. दोनदा मागून गेलेत.