बटणांचे अणू आणि माझी शिकवणी

३ तारीख, सकाळ.
नात केमिस्ट्रीत नापास. अठराला फेरपरीक्षा. तिचा बाप, म्हणजे माझाच दिवटा, म्हणाला, यंदा गेली तर शिक्षण बंद, माझ्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचं. वर्गातली आणखी दोघं आपटलीत, चष्मिस आणि लंबू. तिघं एकमेकांना शिकवणार म्हणे. आनंद आहे. आता मलाच लक्ष घालायला हवं. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, भल्याभल्यांची पोटं मापात बसवली. अणू काय चीज आहे!

५ तारीख.
पुस्तकातले गोल कुणाच्याच डोक्यात शिरेनात. मी कापड बेतायच्या टेबलावर खडूने गोल काढून दिले आणि बटणांचा डबा उपडा केला. बटण म्हणजे इलेक्ट्रॉन. पहिल्या गोलात दोन, दुसऱ्यात आठ. हे मला आधीपासूनच ठाऊक होतं. चष्मिसने फक्त तीनदा सांगितलं.

८ तारीख.
सोडियमच्या बाहेरच्या गोलात एकच बटण, ते त्याला नकोसं. क्लोरिनकडे सात, त्याला आठवं हवं. याने दिलं, त्याने घेतलं, जमली जोडी, झालं मीठ. लंबूने विचारलं, आजी, कळलं का? म्हटलं, कधीचंच कळलं, तुम्हालाच वेळ लागतो. मग तो म्हणाला, सांगा बघू. मला नेमकी तेव्हाच दूध उतू जाण्याची काळजी वाटली. परत येईपर्यंत नातीने सगळं पुन्हा मांडून ठेवलं होतं. गुणी आहे. माझ्यावर गेलीय.

११ तारीख, संध्याकाळ.
आज पाणी. ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन, बटणं सामायिक. मी हरकत घेतली. एक बटण एकाच वेळी दोन शर्टांना लागत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. दोन तास तिघं मला समजावत बसली. शेवटी चष्मिस ओरडली, आजी, देत कुणीच नाही, दोघं मिळून धरून ठेवतात! ओरडता ओरडता तिचं तिलाच उमगलं, चेहऱ्यावर दिसलं. माझी पद्धतच तशी आहे. उद्यापासून मध्ये बोलायचं नाही, असं ठरवलंय.

१२ तारीख.
बोलले.

१६ तारीख, दुपार.
उद्याच्या उजळणीसाठी पोरांनी टेबलावर सगळे अणू मांडून ठेवलेत. कार्बनच्या बाहेरच्या गोलात चारच बटणं, ऑक्सिजनच्या सहा. कामात ही हयगय! अपुऱ्या बटणांचा शर्ट मी जन्मात कुणाच्या हातात दिला नाही. डब्यातली बटणं काढून प्रत्येकाचा बाहेरचा गोल आठाचा केला. सकाळी बघून थक्क होतील.

१७ तारीख.
थक्क झाली. चष्मिसने कपाळावर हात मारला. लंबू म्हणाला, संपलं, उद्या परीक्षा आणि हे काय! मी म्हटलं, तुमची परीक्षा घेत होते. नात मात्र हसत सुटली. म्हणाली, आजी, तू सगळ्यांची पोटं भरलीस, आता कोण कुणाशी जोडला जाणार? मग पुस्तक न उघडता तिने एकेक जादा बटण उचललं आणि ते का उचलायचं तेही सांगितलं. एकदाही अडखळली नाही. मी पाणी प्यायला उठले. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

१८ तारीख.
पेपर. मी सकाळपासून तयार. माझ्याशिवाय गेली.

२९ तारीख.
तिघंही पास. नातीला एकसष्ट. मुलगा दुकानाचं नाव काढेना. मी नवी साडी नेसून, कौतुक ऐकायला खुर्ची पुढे ओढून बसले. तिघं आली, पाया पडली. म्हणाली, आजी, आता फिजिक्सलाही तुम्ही हव्यातच. मी जरा भाव खाल्ला. म्हटलं, वय झालं रे, आता कुठे शिकवणं जमणार?

लंबू म्हणाला, शिकवायला नाही हो आजी. न कळायला.