दोन हिसके

३ मार्च
आजपासून टँकरच्या तोंडाशी पहाऱ्याला कोण, तर आमचे साडू! सुपरवायझरला दुसरा माणूस मिळाला नाही म्हणे. मी आत घासायला, तो माझ्या डोक्यावर. माझं लग्न ठरताना यानेच सासऱ्यांचे कान भरले होते — टाक्या धुणाऱ्याला मुलगी देऊ नका. आता स्वतः त्याच कामावर आलाय. आमचा अबोला कायम.

४ मार्च
बोलायची गरजही नाही. माझ्या पट्ट्याला दोरी, दुसरं टोक त्याच्या हातात. वरून दोन हिसके म्हणजे — बरा आहेस ना? मी उलट दोन दिले की — बरा आहे. गाढव सारखा ओढत बसतो! स्टीलचा ओला तळ, पाय घसरतो. मुद्दाम करतो, दुसरं काय.

७ मार्च
घाईत लोखंडी ब्रश उचलला गेला. त्याने हातातून काढून घेतला, नायलॉनचा दिला. लोखंडाने स्टेनलेसला गंज धरतो हे मला शिकवतो! सगळ्यांसमोर, एक शब्द न बोलता.

बायको म्हणते, सख्ख्या बहिणींचे नवरे तुम्ही, किती दिवस असं? म्हटलं, तो मरेपर्यंत. ती ताटावरून उठून गेली.

१० मार्च
उद्या रसायनाचा टँकर. वाफेने धुतलाय, तरी तळाशी वायू राहतोच. हवेची नळी लावलेला मास्क घालूनच उतरायचं. ठरवलंय — उद्या उत्तर द्यायचं नाही. फुटू दे त्याला घाम.

११ मार्च
त्याने ओढलं. मी गप्प. परत ओढलं. मास्कमध्ये मी हसत होतो.

वरच्याने कधीही आत उतरायचं नाही, हाका मारून माणसं जमवायची — हा आमचा पहिला नियम. त्याने हाका मारल्या, पण माणसं येईपर्यंत थांबला नाही. वळून बघतो तर साडू शिडीवरून खाली — मास्क नाही, काही नाही! माझ्या खांद्याला हात लावला आणि तिथेच कोसळला. माझी दोरी सोडून त्याला बांधली. वर जमलेल्यांनी खेचून काढला. ओठ निळे पडले होते.

सगळे मलाच शाबासकी देतायत. माझी मलाच शिसारी येते.

१२ मार्च
शुद्धीवर आला. मेहुणी रडत म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून वाचले." खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याने माझं मनगट धरलं. दोन हिसके दिले.

मी लगेच दोन दिले.