लाल दोरा

ता. १९ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. इकडे मी आणि दादा ठीक. चिऊ आणि तू ठीक असाल असं धरून लिहिते, कारण विचारायला मला तोंड नाही.

आपल्या घरचा कचरा आता आठवड्याला एक पिशवी निघतो, तीही अर्धी. ओलं सगळं गॅलरीतल्या पिंपात जातं आणि त्याचं खत खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका नेतात. तू मला 'भंगारवाल्या नणंदबाई' म्हणायचीस, आता अख्खी इमारत म्हणते. मध्यंतरी शाळेत मुलांपुढे बोलायला बोलावलं होतं. बाटल्या फेकू नका, पुन्हा वापरा, हे मी वर्षानुवर्षं सगळ्यांना ऐकवत आले, पण मुलांसमोर ते सांगायला मी गेले नाही.

मागच्या आठवड्यात दादा वकिलाकडे जाऊन आला. चिऊचा ताबा मागतोय. कारण एकच, आईचा निष्काळजीपणा. साक्षीदार मी. कागद जेवणाच्या टेबलावर ठेवून म्हणाला, "तू फक्त बाटलीला लाल दोरा होता एवढं सांग." मी हो म्हटलं. दोन वर्षं म्हणतेच आहे, अंगवळणी पडलंय.

नियम माझाच. सुटं काहीही जुन्या बाटलीत आणायचं, आणि ते पोटात जाण्यासारखं नसेल तर बाटलीच्या मानेला लाल दोरा बांधल्याशिवाय ती हातातून खाली ठेवायची नाही. त्या दिवशी मोरीचा पाइप तुंबला होता, म्हणून मी दुकानातून तुंबलेला पाइप मोकळा करणारं कॉस्टिक सोड्याचं पाणी भरून आणलं. लिंबू सरबताच्या बाटलीत. वरचा सरबताचा कागदही तसाच होता. बाटली ओट्यावर ठेवली आणि दोरा शोधायला आत गेले. रीळ जागेवर नव्हतं. मग खत हलवायचं राहिलंय ते आठवलं आणि गॅलरीत गेले. तेवढ्यात तू कामावरून आलीस आणि चिऊने सरबत मागितलं.

एकच घोट. त्यावर पोरीच्या घशासाठी चार वेळा दवाखाना झाला, आणि आवाज अजून बसलेलाच आहे म्हणे.

तुम्ही दोघी दवाखान्यात गेलात. मी ओटा पुसला. रीळ सापडलं. तेव्हा मी दोरा बांधला.

चांगल्या दोन गाठी मारल्या. दादाने घरी येऊन बाटली पाहिली आणि दवाखान्यात सगळ्यांसमोर तुला विचारलं, "लाल दोरा दिसला नाही तुला?" तू म्हणालीस, "नव्हता." पुढे पुढे म्हणायला लागलीस, "असेल, मीच पाहिला नसेल." तुझा तुझ्याच डोळ्यांवरचा विश्वास मी उडवला, वहिनी, आणि वर शेजारी बसून तुझी समजूत काढली. मला माझी शरम वाटते.

दोरा नव्हता. तू बरोबर पाहिलं होतंस.

दादाला तोंडाने सांगायचं तीनदा ठरवलं, तीनदा जीभ अडली. म्हणून हे पत्र उघडंच त्याच्या हातात देतेय. "वाच, पाकीट चिकटव आणि तूच पोस्टात टाक," एवढंच त्याला सांगणार आहे. तुझ्यापर्यंत हे पोचलं, तर समज की त्याने वाचलंय.

तुझी नणंद,
आणि चिऊ म्हणू देत असेल तर, तिची आत्या