पहिल्या ओंडक्यावरचं माप

३ ऑक्टोबर
आलो एकदाचा! भाड्याच्या दोन खोल्या सुटल्या. आता स्वतःचं घर, ओंडक्यावर ओंडका रचून मला हवं तसं बांधून घेतलेलं. राळेचा वास अजून ताजा आहे. खिडकीतून बघायला वाकावं लागत नाही, वरची फळी बरोबर हाताशी येते.

मिस्त्री मात्र अजब वल्ली. त्याच्या पद्धतीत घरात राहणाऱ्या प्रत्येकाने पायाच्या पहिल्या, ओल्या ओंडक्यावर आडवं व्हायचं. डोकं येईल तिथे तो खाच पाडतो. मी झोपलो. बायको आणि लेक तेव्हा माहेरी होत्या. तो म्हणाला, त्या येईपर्यंत काम थांबवतो. आठवडा कोण घालवणार? म्हटलं, माझं माप घेतलंत ना, पुरे झालं. कारागिरांचे नखरे फार.

लेक पाच वर्षांची. सकाळपासून घरभर हुंदडतेय.

११ ऑक्टोबर
बायकोचे सांधे दुखतायत. खोकी उचलून दमली असेल. मला मात्र झकास झोप लागते. गंमत म्हणजे वरच्या फळीवरचा डबा आज तिने स्टुलाशिवाय काढला. घर चांगलंच मानवलं म्हणून मी चिडवलं तिला. हसली नाही.

१६ ऑक्टोबर
बायकोच्या बाह्या मनगटाच्या चार बोटं वर आल्यात. लेकीचा फ्रॉक शर्टाएवढा दिसतो. दोघी रात्रंदिवस कण्हतात. दवाखान्यात न्यायला बाहेर काढलं, तर अंगणातच कोसळल्या. त्यांची हाडं त्यांना पेलेनात. उचलून आत आणलं तेव्हा कुठे किंकाळ्या थांबल्या. डॉक्टर घरी येऊन गेले. गोळ्या ठेवल्या आणि चहा न घेताच निघाले.

मला भीती वाटतेय. पहिल्यांदाच लिहितोय हे.

१९ ऑक्टोबर
मिस्त्रीला गाठलं. त्याला नवल वाटलं नाही. म्हणाला, घर एकाच्या मापाचं बांधून घेतलंत, आता ते आतल्या सगळ्यांना त्या मापात बसवणार. ओला ओंडका हवी तेवढी मापं घेतो. वाळल्यावर एकच टिकतं.

उपाय आहे. माझी खाच बुजवायची आणि लेकीच्या मूळ मापाची नवी पाडायची. पण बोटभरही चूक नको, नाहीतर पोर हातची जाईल. ती सुटेल. मग बायको आणि मी तिच्या मापात बसणार.

किती दुखेल, असं विचारलं मी. तो रंधा मारत राहिला.

बायकोला सांगितलं नाही. ती एका पायावर तयार होईल, म्हणूनच.

२२ ऑक्टोबर
खाच पाडायला पटाशी आणून ठेवलीय. उद्या नक्की.

बायको माझ्याएवढी झालीय. डोळ्यांत डोळे घालून बघते. विचारते, मिस्त्री काय म्हणाला. मी म्हटलं, भेटलाच नाही.

२४ ऑक्टोबर
उद्या. आज हात कापत होते, हात कापत असताना बोटभर चुकलं तर — कारण छान आहे. मी भित्रा आहे.

रात्रभर लेकीच्या पाठीतून आवाज येत होता. ओली फांदी वाकवावी तसा.

२६ ऑक्टोबर
बायकोचा जबडा ओढला गेलाय. बोलता येत नाही. मी सगळं खरं सांगितलं तिला, आता सांगितलं. ती फक्त बघते. हातात पेन धरवत नाही तिला.

२७ ऑक्टोबर
लेक समोर उभी राहिली. माझ्याएवढी. चेहरा तोच, पाच वर्षांचा, नुसता लांब झालेला. हात वर केले. म्हणाली, बाबा, उचलून घे.

घेतलं. तिचे पाय जमिनीवरच होते.

बस्स. आता मी —

नंतर
माझी खाच बुजवली. खुंटी ठोकली घट्ट. पटाशी हातात आहे, हात कापत नाहीये.

माप.

किती होतं तिचं?

फ्रॉक ताणून फाटलेत. शाळेच्या कागदावर उंचीची जागा रिकामी, तो कागद मीच भरला होता. बायकोला विचारलं. ती हात वर नेते, खाली नेते, आता तिच्या हातालाही कळत नाही. डोळ्यांतून पाणी.

जवळ उभी राहायची तेव्हा — कुठपर्यंत यायची माझ्या? कमरेला डोकं लागायचं? की त्याच्याही खाली, की छाती —

आठव. एकदा तरी नीट बघितलं असशील. एकदा —

लेक ओंडक्याशी येऊन आडवी झालीय. म्हणते, बाबा, मी इथून इथपर्यंत होते ना? आणि बोट ठेवते. दर वेळी वेगळ्याच जागी.