तीनशे घोड्यांची गाडी आणि सापगावची शेड

मी, काळूराम नथू वेखंडे, वय एकोणऐंशी, पूर्वीचा धंदा भातगिरणी, राहणार सापगाव, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि चष्मा लावून हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डॉक्टरांनी तारीख विचारली, ती सांगितली. वर शाळेतली एक कविता चालीवर म्हणायला घेतली, तेव्हा तिसऱ्या कडव्यालाच "पुरे" म्हणून त्यांनी दाखल्यावर सही केली. दाखला सोबत जोडला आहे.

यापूर्वीची दोन मृत्युपत्रे मीच चुलीत घातली. दोन्ही वेळा शेडच्या कलमाशी हात अडला होता. आज अडणार नाही, म्हणून सकाळपासून मन हलके आहे.

कलम १. राहते घर माझी पत्नी गुणाबाई हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहील. तिला तिथून कोणी "काही दिवस आमच्याकडे चल" म्हणूनसुद्धा हलवू नये. तिच्या पश्चात घर मुलगा धनेश याचे. बँकेत जे निघेल तेही गुणाबाईचे.

कलम २. नदीकडचे भातखाचर धनेश आणि मुलगी संजीवनी यांना निम्मे निम्मे. बांध कुठून घालायचा ते दोघांनी माझ्यासमोर ठरवले आहे, आता पुन्हा ठरवू नये.

कलम ३. शहापूर–मुरबाड रस्त्यालगतची गिरणीची शेड व तिच्या भोवतालची जागा. हे कलम लांबणार आहे. वकील म्हणाले, दोन ओळींत बसवतो. पण कारण न लिहिता दिलेली वस्तू भांडणात सापडते, हे मी गावात फार पाहिले आहे.

गिरणी बंद पडून बरीच वर्षे झाली. लोक भात घेऊन मोठ्या गिरणीकडे जातात, त्यात त्यांची चूक नाही. संजीवनीची मुलगी रंजिता सिद्धगडाच्या पायथ्याहून शिकायला माझ्याकडे आली ती इथलीच झाली. तिने गाड्यांचे शिक्षण घेतले, पुण्यात नोकरी केली आणि परत येऊन माझ्या रिकाम्या शेडमध्ये डायनो बसवला. डायनो म्हणजे जमिनीत बसवलेले जाड रोलर. त्यांच्यावर गाडीची चाके ठेवून गाडी बांधायची आणि जागच्या जागी पळवायची. चाकांत खरोखर किती घोड्यांचे बळ आहे ते यंत्र सांगते. वेगवान गाड्या बाळगणाऱ्यांना हे कळून घ्यायची हौस असते.

धनेशला ती जागा हॉटेलवाल्याला विकायची होती. त्याचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. बंद शेड बघून त्यालाही वाईट वाटे. त्याने कल्याणला एक जुनी टर्बो गाडी घेतली होती, विकणाऱ्याने तीनशे घोडे सांगितलेली. तो म्हणाला, "माझीच गाडी लाव गो रंजे. दर खेपेला एकच पक्का आकडा निघाला तर हॉटेलवाल्याला नाय म्हणून सांगतो. नाय तर बाबा, शेड विकायची." मी सगळ्यांदेखत हो म्हटले. दिलेला शब्द फिरवायची आमच्यात रीत नाही.

चैत्रातल्या एका रविवारी तो दोन मित्रांना घेऊन आला. गाडी जागेवर पळते तेव्हा तिला समोरून वारा लागत नाही, म्हणून पुढे मोठा पंखा ठेवावा लागतो. रंजिताचा पंखा नेमका जळलेला. माझ्या गिरणीत वर्षानुवर्षे भात ओतणारा कोंडू म्हणाला, "आपला उफणणीचा पंखा हाय की." भाताचे पोल, म्हणजे पोकळ दाणे, उडवायचा तो पंखा माळ्यावरून काढून गाडीच्या तोंडाशी ठेवला. कोणाच्या मनात काही आले नाही. आमच्याकडे वारा म्हटला की तोच पंखा आठवतो.

गाडी सुरू झाली आणि मी क्षणभर शाळेत जाऊन बसलो. इंजिन भुजंगप्रयातासारखे लयीत चढत होते. टर्बो जागा होण्याआधी ते किंचित थबके. आमचे गुरुजी फळ्यावर यतीची खूण करून तसेच थबकत. गुणाबाईने कोपर मारले, "आकडा बघा, डोळे काय मिटताय."

पहिल्या खेपेला दोनशे सव्वीस. दुसऱ्या खेपेला त्याहून कमी. तिसऱ्या खेपेला दोनशेच्याही खाली.

"ही काय मोजणी हाय?" धनेश म्हणाला. "दर टायमाला वेगळं. भाजीवालीसुद्धा एक भाव धरून बसते." मित्र हसले. शेड गेली असे मी मनाशी धरले.

रंजिता पुढे झाली. गाडीसमोर उकिडवी बसली, बॅटरी मारली आणि पुढची खालची जाळी काढली. मग हसायलाच लागली. "आज्या, तुझी गिरणी अजून भरडतेय की."

टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो. दाबलेली हवा तापते, ती निववायला पुढे एक रेडिएटरसारखी जाळी असते. त्या जाळीवर भाताचे तूस गोधडीसारखे बसले होते. पंख्याच्या पोटात माझ्या काळापासून साठलेले तूस दर खेपेला नेमके तिथे जात होते. हवा निवेना, आणि इंजिन जळू नये म्हणून गाडी आपले बळ आपणच आवरून धरत होती.

तिने जाळी फुंकून काढली, कोंडूकडून पंखा धुऊन घेतला, गाडी निवू दिली. मग पुन्हा तीन खेपा. दोनशे एकोणतीसच्या आसपास, एखादा घोडा इकडे की तिकडे.

"इंजिनापाशी मोजलं तर जरा जास्त निघतील, मामा," ती म्हणाली. "गिरणीच्या पट्ट्यात थोडं वाया जायचं तसं गिअरात जातं. पण कितीबी धरलं तरी तीनशे नाय होत."

धनेश तिला शेडच्या दाराशी टाकलेल्या माझ्या खाटेपाशी घेऊन आला. आवाज उतरवून म्हणाला, "त्यात हवेचं तापमान भरतात ना? वाढवून भर, घोडे वाढतात. मला माहिताय. मित्रांसमोर तीनशे दाखव, आत्ता शेडच्या संमतीचा कागद आण, सही करतो."

ती माझ्याकडे बघेल असे वाटले. बघितले नाही. म्हणाली, "मामा, तीनशे दाखवले तर शेड मिळल. पण मंग तिच्यात बसून मी करू काय?"

तो सही न करता गेला. हॉटेलवाल्याचे फोन येत राहिले. आकडा पक्का निघाला होता, शब्दाप्रमाणे शेड वाचली होती. पण मुलाच्या तोंडून हो आल्याशिवाय ती नातीला देणे म्हणजे मामा-भाचीत कायमची भिंत घालणे. ते माझ्याच्याने होईना. त्या दिवसांत कवितेची एकही ओळ तोंडात आली नाही. गुणाबाईने ते ओळखून दोनदा विचारले, "बरं नाय का?"

अक्षय तृतीयेनंतर धनेश एकटाच आला. जेवला, हात धुतले आणि खिशातून एक कागद काढला. कोणाला न सांगता तो पुण्याकडच्या मोठ्या वर्कशॉपात गाडी मोजून आला होता. दोनशे एकतीस.

"एसीच्या गार खोलीत मोजलं तरी तेवढंच," तो म्हणाला. "विकणाऱ्यानं फसवलं मला, रंजीनं नाय. हॉटेलवाल्याला फोन केलाय सकाळीच."

"बाजाराला जाऊन येते ना गाडी? मंग बस," गुणाबाई म्हणाली, आणि त्याला आणखी एक भाकरी वाढू लागली. तो जेवून उठला होता हे तिच्या ध्यानातच नव्हते. त्या दुपारी मी दिवेलागणीपर्यंत झोपलो.

सबब सदर शेड, जागा व आतील सर्व सामान मी माझी नात रंजिता हिला देत आहे. धुतलेल्या पंख्यासह. इतर कोणाचा त्यावर हक्क राहणार नाही.

कलम ४. माझी लाकडी पायली बुधू भोईर यास द्यावी. माझे माप लहान आहे असे तो जन्मभर चावडीवर सांगत आला. आता घरी बसून त्याने सावकाश मोजावे. राग नाही, पण उत्तर कळले असते तर बरे वाटले असते.

कलम ५. शाळेची जुनी क्रमिक पुस्तके. गुणाबाई म्हणते, "मला नको, सगळी कानांनी वाचून झाल्यात." ती गावच्या शाळेस द्यावीत. मुलांना पाठ करायची सक्ती करू नये. एकदा चालीवर म्हणून दाखवावीत, पुढचे त्या कविता बघून घेतील.

कलम ६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी संजीवनीने करावी. ती कोणाला भीत नाही.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, वाचले आणि साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण : सापगाव
दिनांक : ६ जून २०२५

सही : काळूराम नथू वेखंडे

साक्षीदार :
१. कोंडू गोमा वाघ, सापगाव (अंगठा)
२. आदेश हरी पष्टे, शहापूर (सही)

संमती : वरील मजकूर वाचला. शेडबद्दल माझी हरकत नाही. आकड्याबद्दलही नाही.
धनेश काळूराम वेखंडे