ग्राहक समाधानी आहे

४ जून

पोचले एकदाची! वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी एकटीने परदेश, तेही फुकट काम करायला. विमानतळावर हे म्हणाले, घरच्यांना शिकवून संपलं, आता परक्यांच्या पोरांची पाळी. म्हणू देत. पंचवीस वर्षं शाळेच्या गणवेशांचा कारखाना चालवला, बावीस बायका हाताखाली होत्या. धंदा कसा उभा करायचा हे मी नाही शिकवणार तर कोण?

खोली उद्योग प्रशिक्षण केंद्राच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. लोखंडी पलंग, टेबल, नळाला दिवसभर पाणी. खिडकीतून सायकल दुरुस्तीचं दुकान दिसतं. केंद्रप्रमुख बाई तरतरीत वाटल्या. नोंदणीसाठी पासपोर्ट ठेवून घेतला, निघताना वहीत सही करून न्या म्हणाल्या. सहा आठवड्यांचा तर प्रश्न आहे.

६ जून

वर्गात नऊ जण, सगळे विशी-बाविशीचे. त्यांचं इंग्रजी लंगडं, माझंही लंगडं, त्यामुळे आमची जोडी झकास जमली. एकाला शिवणाचं दुकान काढायचंय, त्याचं नाव मी शिंपीबुवा ठेवलं. एक मुलगी केस कापायला शिकलेली आहे. शेवटच्या बाकावरची मुलगी मात्र तोंड उघडत नाही. मी बोलले की नुसते ओठ हलवते. तिला मनातल्या मनात मुकी म्हणते. कसला धंदा करणार विचारलं, तर खांदे उडवले. बघू, अशा छप्पन्न मुक्या बोलत्या केल्यात मी.

११ जून

आज धडा रंगला. धंदा म्हणजे वस्तू नव्हे, कुणाची तरी अडलेली गरज, हे काही त्यांच्या डोक्यात शिरेना. शेवटी घरचंच उदाहरण घेतलं. फळ्यावर लिहिलं: ग्राहक, माझा नवरा. वय त्रेसष्ट, बँकेतून निवृत्त. गरज, बायकोचा रोज फोन. अडचण, बायकोला वेळ नाही, आणि केलाच फोन तर गोळ्या घेतल्या का, गॅस बंद केला का, यापलीकडे ती बोलत नाही. पोरं हसली. मग माझा हुकमी नियम सांगितला: ग्राहकाला काय खुपतं ते त्यालाच विचारा, तेवढं काढून टाका, माल आपोआप खपतो.

सरावासाठी ह्यांचा नंबरही दिला. पोरांनी केंद्राच्या फोनवरून तासभर प्रश्न विचारले. ह्यांना ऐकणारं कुणी भेटलं की मग काय, सुटलेच! मुकीने वहीची चार पानं भरली. मला फार आनंद झाला.

१७ जून

सहा दिवस घरी फोन राहिलाच. आज अपराधी वाटून लावला, तर हे म्हणाले, अगं, सकाळीच अर्धा तास बोललीस की. नातीला गोष्टही सांगितलीस.

मी नातीला उभ्या जन्मात गोष्ट सांगितलेली नाही. वेळ कुठे होता मला? ह्यांचं वय झालं म्हणायचं. सुनेला सांगून डॉक्टरांना दाखवायला हवं.

१९ जून

सूनही तेच म्हणाली. रोज सकाळी केंद्राच्या नंबरवरून फोन येतो, आवाज माझाच. वर म्हणाली, आई, तिकडची हवा तुम्हाला मानवली, किती मऊ बोलता हल्ली.

तडक वर्गात गेले, मुकीसमोर उभी राहिले. ती उठली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली की तिचा धंदा सुरू झालाय. माझ्या आवाजात. ‘बरं का’ मी लांबवते तसंच लांबवलं. मी या पोरांसमोर मराठीचा एक शब्द काढलेला नाही.

बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

२३ जून

बाईंकडे तक्रार केली. त्यांनी मुकीचा अर्ज दाखवला. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, ग्राहक समाधानी आहे. तुम्ही शिकवलंत तेच तिने केलं, म्हणाल्या. गुरूची विद्या गुरूला, दुसरं काय.

ह्यांना फोनवर सगळं सांगितलं. तू सुतावरून स्वर्ग गाठतेस म्हणाले, आणि पुन्हा अशी चिडून बोलू नकोस, इतके दिवस बरं चाललं होतं. फोन ठेवून मी रडले. चौतीस वर्षांच्या संसारात माणसाला बायको ओळखू येऊ नये?

मला घरी जायचंय. पाच तारखेचं तिकीट मिळालं.

२७ जून

दोरीवरचा माझा निळा कुर्ता सकाळी गायब. दुपारी परत आला, इस्त्री करून. वर्गात पाहते तर तस्साच मुकीच्या अंगावर, शिंपीबुवाने शिवलेला. केस कापणारीने तिला माझी पांढरी बटही काढून दिली आहे. एकट्याला झेपत नसेल तर भागीदारी करा, हेही मीच शिकवलं होतं.

तिने मान वळवली. विशीतल्या पोरीच्या गालावर माझ्या सुरकुत्या. मी पुढे होऊन अंगठ्याने पुसल्या. ती शांत उभी राहिली. पुसल्या जाईनात — कातडी गरम होती —

२ जुलै

मुकीचा बाक रिकामा. बाईंकडे पासपोर्ट मागितला. त्यांनी वही पुढे केली. सकाळी सही करून नेला. सही माझीच. बाई मला विचारत होत्या, आपण कोण, कुणाला भेटायचंय.

ह्यांना फोन लावला. ती येतेय, ती मी नव्हे, दार उघडू नका —

हे हळूच म्हणाले, ठाऊक आहे. पहिल्या फोनलाच कळलं होतं. पण ती माझं ऐकून घेते गं. घरात हसू आलंय. नात तिची वाट बघतेय.

आणि म्हणाले, पुन्हा फोन करू नकोस.

४ जुलै

पोचली असेल.

अकरा वेळा लावला. उचलत नाहीत.

वर्ग वर आलाय. दार वाजवत नाहीत. जिन्यात उभे आहेत, आठही जण. शिंपीबुवा टेप घेऊन. बाई म्हणताहेत, नाव सांगा, नवीन नोंदणी करून टाकू —

लागला. नातीने उचलला. काहीतरी खातेय. मागे हसण्याचा आवाज — माझा — मी इतकी मोकळी कधी हसले होते?

कोण बोलतंय, विचारते. मी काय बोलावं? आधी तोंडातला घास संपव, म्हटलं. मेलं दुसरं काही सुचलंच नाही —

रडवेली झाली. आजीला हाक मारतेय. कुणीतरी ओरडतंय गं, म्हणते.

थांब. ठेवू नको. बाळा, ऐक, मी तुझी —