दीक्षाचे कोरियन रॅपर

चाकण

चि. दीक्षा,
तुला आणि घरच्या सगळ्यांना जयभीम. आईचा गुडघा कसा आहे?

तू पाठवलेली कोरियन गाणी ऐकली. कसले गं ते रॅपर! गालांना पावडर, गळ्यात साखळदंड आणि म्हणे रस्त्यावर वाढलो! यांची कंपनी यांना जेवणसुद्धा मोजून देते. अमेरिकेतल्या काळ्या पोरांनी जे सोसलं, त्याचा यांनी गॅदरिंगचा ड्रेस करून टाकला.

मी बरा आहे. शिफ्ट सकाळची आहे. रविवारी आकुर्डीत रॅपच्या स्पर्धेत पहिला आलो.

पुढचं फोनवर सांगवेना, म्हणून हे पत्र. त्या स्पर्धेचा व्हिडिओ आला, तर बाबांना दाखवू नकोस. त्यांनी जन्मात दारूला हात लावला नाही, आणि मी स्टेजवर त्यांना दारुडा केलं. सगळ्यात जास्त टाळ्या त्याच ओळीला पडल्या.

तुझा दादा,
बुद्धरत्न